होम लोनसाठी एजंट धरावा का? नेरूळच्या फ्लॅटच्या वेळचा माझा अनुभव

मागच्या वर्षी आम्ही नेरूळला रिसेलचा वन बीएचके घेतला, ६२ लाखांना. घर शोधायला लागला एक महिना आणि लोन मार्गी लागायला तीन, त्यातला पहिला महिना तर एजंट धरायचा की सरळ बँकेत जायचं यातच गेला, म्हणून सविस्तर लिहितेय.

फ्लॅट दाखवणाऱ्या ब्रोकरनेच एक लोन एजंट गाठून दिला. "मॅडम, तुम्ही फक्त कागद द्या, बाकी माझ्यावर सोडा, फी काही नाही." मी महापेला नोकरीला, नवरा ठाण्याला, सुट्ट्या टाकून बँकेत चकरा कोण मारणार, म्हणून पॅन, आधार, सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, सहा महिन्यांचं स्टेटमेंट सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिलं. तिथेच चुकलं. त्याने आम्हाला न विचारता तीन बँकांत फाइल लॉगिन केली, म्हणजे आमच्या नावाने लोनचे अर्ज टाकले. मला कधी कळलं, तर आमच्या सॅलरी अकाउंटच्या ब्रँचमध्ये चौकशीला गेले तेव्हा, तिथल्या लोन ऑफिसरनी सिबिल, म्हणजे आमचा कर्जाचा रेकॉर्ड काढला आणि म्हणाल्या, "एकाच आठवड्यात तीन बँकांच्या एन्क्वायऱ्या कशा?" स्कोअरही थोडा उतरला होता. मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

त्याने आणलेल्या ऑफरमध्ये आणखी एक गोष्ट होती. लोन ४८ लाख, आणि त्यात १ लाख ४० हजारांचा सिंगल प्रीमियम, म्हणजे हप्ता एकदम भरायचा इन्शुरन्स परस्पर जोडलेला. म्हणे याशिवाय सँक्शन होत नाही. असा काही नियम नाही, ब्रँचमध्ये विचारलं तर त्यांनी स्पष्ट सांगितलं. रात्री बसून हिशोब केला, साडेआठ टक्के आणि २० वर्षं धरली तर त्या १ लाख ४० हजारांचे आपण जवळजवळ २ लाख ९२ हजार भरतो. लाइफ कव्हर हवंच, पण तेवढ्याच रकमेची साधी टर्म पॉलिसी वेगळी घेतलेली आम्हाला बरी वाटली, पुढे लोन दुसऱ्या बँकेत नेलं तरी ती आपल्याकडेच राहते.

एजंटला पैसे बँक देते, लोनच्या रकमेवर कमिशन, म्हणून तो आपल्याकडे मागत नाही. यात वाईट काही नाही, त्याचा धंदाच तो आहे. पण ज्या बँकांशी त्याचं टायअप आहे त्याच बँका तो दाखवणार, आणि पाव टक्क्याहून कमी फरक तो सांगतही नाही, "सगळीकडे सेमच आहे मॅडम" म्हणतो. ४८ लाखांवर ०.१५ टक्के म्हणजे महिन्याला साडेचारशे रुपये, २० वर्षांत लाखाच्या वर जातात हो!

मग ठरवलं, सरळ बँकेतच जायचं. रेट चांगला मिळाला, प्रोसेसिंग फीसुद्धा बोलल्यावर कमी केली. आणि लीगलला, म्हणजे बँकेच्या वकिलांच्या कागद तपासणीत फाइल अडकली. नवी मुंबईत जमीन सिडकोची लीजवर, त्यामुळे पहिल्या अलॉटीपासून, म्हणजे ज्याला घर सुरुवातीला मिळालं त्याच्यापासून आजच्या मालकापर्यंतची सगळी अ‍ॅग्रीमेंटं, म्हणजे चेन, पूर्ण लागते, शिवाय सिडकोचं ट्रान्सफर आणि गहाण ठेवायला एनओसी. आमच्या फ्लॅटच्या चेनमधलं दुसरं ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंटच हरवलेलं. त्यावर विकणाऱ्या काकांचं स्वतःचं लोन चालू, म्हणजे लोन बंद करायला किती भरायचे ते सांगणारं त्यांच्या बँकेचं फोरक्लोजर लेटर, त्या बँकेकडे काय काय कागद जमा आहेत त्याची यादी, हे सगळं त्या वयाच्या माणसाकडून करून घ्यायचं. ब्रँचवाले म्हणाले कागद पूर्ण करून आणा. कसे, ते सांगायला तिथे कुणाला वेळ नव्हता.

इथे एजंटचा उपयोग मला पहिल्यांदा पटला. ऑफिसमधल्या एका ताईंनी त्यांच्या एजंटचा नंबर दिला, सिडकोची कामं वर्षानुवर्षं केलेले गृहस्थ. पण या वेळी आधी अटी सांगितल्या आणि त्या मेसेजवर लिहून घेतल्या: फाइल एकाच बँकेत, जी आम्ही सांगू तीच, आमचं हो आल्याशिवाय दुसरीकडे लॉगिन नाही, इन्शुरन्स नाही, आणि सही करायच्या आधी केएफएस हातात. केएफएस म्हणजे की फॅक्ट्स स्टेटमेंट, १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला नवीन होम लोनला ते द्यावंच लागतं, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते एका ठिकाणी लिहिलेलं असतं. ते सगळ्याला हो म्हणाले, आणि आमच्याच बँकेच्या पॅनलवर असल्यामुळे रेट तोच राहिला.

त्यांनी काकांना सोबत घेऊन पोलिसांत हरवल्याची तक्रार नोंदवली, पेपरात जाहीर नोटीस दिली, सोसायटीच्या जुन्या फाइलीतून शेअर सर्टिफिकेटच्या नोंदी काढल्या, सबरजिस्ट्रारकडून हरवलेल्या अ‍ॅग्रीमेंटची सर्टिफाइड कॉपी आणली. वकिलांनी ओके दिला. मला एकटीला हे सहा महिन्यांत जमलं नसतं. फक्त टीडीएसचं त्यांनी काही सांगितलं नाही, ५० लाख किंवा त्यावरच्या घराला खरेदी करणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का कापून सरकारकडे भरायचा असतो, आमचे ६२ हजार, ते आमच्या सीएने आठवण केली म्हणून वेळेत भरले गेले.

डिस्बर्समेंटनंतर, म्हणजे बँकेने लोनचे पैसे दिल्यावर, त्या एजंटचा एकदाच फोन आला, नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे घर बँकेकडे गहाण ठेवल्याची सरकारी नोंद, ३० दिवसांच्या आत फाइल करा, उशीर झाला तर दंड बसतो. ते आम्ही बाविसाव्या दिवशी केलं.