कोंबडीले येळ लागते

यवतमाळहून वर्ध्याकडे निघालेल्या माणसाला कळंब मागे पडल्यावर वर्धा नदीच्या पुलापर्यंत पऱ्हाटी (म्हणजे कपाशी), तूर आणि सोयाबीन यांच्याशिवाय फारसे काही दिसत नाही, आणि त्याच पट्ट्यातल्या आमच्या गावाच्या फाट्यावरचा बारही दिवसा कोणाच्या नजरेत भरावा असा नाही. पत्र्याची लांबट शेड, पुढे मुरूम टाकलेले अंगण, रंग उडालेली जुनी पाटी आणि मालकाच्या पुण्याहून परतलेल्या मुलाने त्या पाटीखाली अलीकडेच लावलेला ‘बार्बेक्यू’ असा चकचकीत फलक, एवढाच त्याचा थाट. दिवस कलला की मात्र अंगणातल्या भट्टीत कोळसा पडतो आणि वारा गावाच्या बाजूने वाहत असला तर मसाल्याचा धूर थेट बसथांब्यापर्यंत पोचतो. मग थांब्यावर उभ्या असलेल्या भल्याभल्यांचे बोलणे तुटक होऊ लागते.

गिऱ्हाईक बिअरसाठी येते, असा मालकाचा पक्का समज आहे. माझे मत निराळे आहे. गिऱ्हाईक ओढून आणते ती भट्टी, आणि कोंबडी भाजून होईपर्यंत जो अर्धा-पाऊण तास जातो तो चारचौघांत बसून काढण्याची सोय म्हणून बिअर आहे. एरवी गावातला कोणता कर्ता माणूस अर्धा तास काहीही न करता एका जागी बसेल?

अंगणात लावलेल्या गाड्यांवरून आत कोण आहे हे कळते, आणि म्हणूनच गावातले बरेच जण आपली गाडी शेडच्या मागे, तुराट्यांच्या गंजीआड लावतात. माझ्यासारख्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाने तर पायीच यावे, हे उत्तम; त्यात लपणेही साधते आणि परतीची काळजीही राहत नाही. दर्शनी भागात बिनदिक्कत उभ्या असतात त्या ‘एमएच ३२’ पाटीच्या, म्हणजे वर्ध्याच्या गाड्या. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे त्या वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे नदी ओलांडून आलेल्या माणसाला इथे ओळखीचे कोणी भेटण्याची धास्ती नसते. प्रत्यक्षात त्याला त्याच्याच गल्लीतली दोन माणसे हमखास भेटतात, आणि मग तिघेही एका टेबलावर बसून ‘सहजच आलो होतो’ असे एकमेकांना सांगतात. काळोखात डुलत पुलावरून परत जाणाऱ्या त्या दुचाकी पाहिल्या की मात्र माझे हसू मावळते.

भट्टी म्हणजे लोखंडी पिंप उभे चिरून त्याचा अर्धा भाग चार पायांवर आडवा बसवलेला. तिचे मालक, म्हणजे खरे मालक, मामा. त्यांना सगळे गाव मामा म्हणते आणि बारचे मालकही त्यांच्याशी बोलताना ‘जी’ लावतात. मामा कोळसा पेटवतात तो तुराट्यांवर. रॉकेलचा थेंबही ते भट्टीजवळ येऊ देत नाहीत, कारण त्याचा वास मांसात उतरतो आणि मग कितीही मसाला लावला तरी जात नाही. कोळसा बाभळीचा असतो. तो सावकाश धरतो, पण एकदा धरला की बराच वेळ आच सोडत नाही. ज्वाळा उठत असेपर्यंत मामा सळईला हात लावत नाहीत. ज्वाळेवर कोंबडी वरून करपते आणि हाडाजवळ कच्ची राहते. ज्वाळा बसून निखाऱ्यांवर पांढुरकी राख चढली की ते तळहात भट्टीवर धरतात, मनातल्या मनात काहीतरी मोजतात, आणि हात काढून घेण्याची वेळ योग्य आकड्यावर आली तरच टंगड्या ओवलेल्या सळया कडेला आडव्या ठेवतात. तो आकडा त्यांनी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

त्यांच्या डाव्या हातात बिअरच्या खोक्याचा एक पुठ्ठा असतो, कडा काळ्या पडलेला आणि मधोमध तेल पिऊन पारदर्शक झालेला. तो हलवण्याची त्यांची एक लय आहे. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की ‘चर्र’ असा आवाज होतो, त्यातून उठणारा धूर मांसाला चिकटतो, आणि भाजलेल्या कोंबडीची म्हणून आपण जी चव ओळखतो तिचा बराच भाग त्या धुरातच असतो. पण थेंब जास्त पडले की भडका उठतो, म्हणून पुठ्ठा लगेच थांबतो, सळई अर्धा हात बाजूला सरकते, पाण्याचा हबका बसतो आणि पुठ्ठा पुन्हा हलू लागतो. अधूनमधून काडीला गुंडाळलेल्या फडक्याने ते टंगडीवर तेल फिरवतात. मसाला दोनदा लागलेला असतो. दुपारी मीठ, लिंबू आणि आले-लसूण, संध्याकाळी दही आणि भिवापुरी मिरची. कोंबडी बहुतेक वेळा बॉयलरच असते. कोणी गावरानीचा हट्ट धरला तर मामा ती आधी अर्धी उकडून घेतात, कारण आयुष्यभर उकिरडा उकरत धावलेल्या त्या जनावराच्या अंगावर चरबी नसते आणि नुसत्या निखाऱ्यावर ते वातड होते. नदीतली मरळ मिळाली तर त्या दिवशी तिचाही एखादा तुकडा जाळीवर दिसतो, पण तो आधीच कोणीतरी सांगून ठेवलेला असतो.

मागच्या हिवाळ्यात एक नवखा तरुण टेबलावरून दुसऱ्यांदा उठून भट्टीपाशी आला आणि म्हणाला, ‘‘मामा, झालं का नाही जी अजून?’’ मामांनी मान वर केली नाही. ‘‘घाई असन तं ऑम्लेट घे, बाबू. कोंबडीले येळ लागते.’’ तो तरुण परत जाऊन बसला आणि पुढच्या अर्ध्या तासात त्याने शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी शेतकऱ्याकडून गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे कसे आणि केव्हा लावावेत याची इत्थंभूत माहिती घेतली. कृषी विभागाच्या मेळाव्यात हीच माहिती सांगितली जाते तेव्हा हाच तरुण मागच्या रांगेत बसून फोन पाहत असेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

खरे म्हणजे आगीभोवती बसून भाजलेले खाणे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. ज्वारी होती तोवर गोवऱ्यांच्या आरावर हुरडा होता, रानातल्या पंगतीला गोवऱ्यांत भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी आजही असते. बारमध्ये जे नवे आहे ते एवढेच की इथे पंगतीचे आमंत्रण लागत नाही आणि शेजारी कोण बसले आहे, त्याची जमीन किती, त्याची जात कोणती, हे कोंबडी येईपर्यंत विचारले जात नाही. ती आल्यावरही कोणी विचारत नाही, कारण तोंड भरलेले असते.

आता बिअरविषयी. बहुतेक टेबलांवरून हाक येते ती ‘कडक’ची, म्हणजे स्ट्राँगची, जिच्यात अल्कोहोलचे प्रमाण आठ टक्क्यांपर्यंत असते. हिशेब सरळ आहे, बाटली तेवढीच आणि गुण जास्त. मी माइल्ड मागवतो आणि वाढणारा मुलगा दर वेळी ‘माइल्डच ना, सर?’ असे विचारून माझी कीव करतो. माझा आग्रह चवीपुरताच आहे. माल्ट केलेली बार्ली आणि हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा जो काही जाणवायचा तो माइल्डमध्ये थोडा तरी जाणवतो. कडक बिअर नुसती गोडसर आणि जड लागते. ही बिअर पुष्कळदा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांतून निघून एवढा प्रवास करून इथे येते आणि मग आमच्या गावाच्या विजेवर अवलंबून राहते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना संध्याकाळी लाइट गेली की फ्रीजमधल्या बाटल्यांना घाम फुटतो आणि मालकालाही. भट्टीला मात्र महावितरणशी काही देणेघेणे नाही.

भिवापुरी मिरचीने जीभ पेटली की बिअर ती विझवते, असे येथे सर्वमान्य आहे. ते खरे नाही. मिरचीतला तिखट घटक तेलातुपात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही आणि बिअर बहुतांशी पाणीच आहे. उलट तिचे बुडबुडे हुळहुळलेल्या जिभेला आणखी टोचतात. थंडपणाने क्षणभर बरे वाटते, मग आग परत येते आणि पुढचा घोट घ्यावा लागतो. फुकट मिळणारे खारे फुटाणे आणि शेंगदाणे हेही त्याच व्यवस्थेचा भाग आहेत. चखण्यात दही-कांदा ठेवला तर लोकांच्या जिभा वाचतील, अशी सूचना मी मालकांना केली होती. त्यांनी ती अतिशय आदराने ऐकून घेतली.

आमच्या दोघांच्या मतभेदाची परीक्षा २०१७ मध्ये झाली. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विकू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १५ डिसेंबर २०१६ चा आदेश १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणले गेले, तरीही फाट्यावरचा आमचा बार त्याच्या आतच भरत होता. बाटल्यांच्या खोलीला कुलूप लागले, भट्टी चालू राहिली. लोक आलेच. पण ते गाडीवरून उतरत नव्हते, एक पाय जमिनीवर टेकवून ‘पार्सल बांधा’ म्हणत होते, आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली टंगडी घरी पोचेपर्यंत वाफेने मऊ पडते म्हणून मामा दिवसेंदिवस चिडखोर होत चालले होते. टेबले रिकामी, गल्ला निम्मा. पुढे नियमांत सवलती मिळत गेल्या, बाटल्या परतल्या आणि आठवडाभरात टेबले भरली. मालक म्हणाले, पाहा, गिऱ्हाईक बिअरचेच. मी म्हणालो, निम्मे गिऱ्हाईक बिअरवाचूनही येत होते, ते कशासाठी? मामांना विचारले तर त्यांनी पार्सल बंद झाले याबद्दल समाधान व्यक्त केले.

शेडच्या टोकाला पडदा लावलेला एक कप्पा आहे आणि त्यावर ‘फॅमिली रूम’ असे लिहिले आहे. त्यात मी आजवर कांद्याची पोती पाहिली आहेत, फॅमिली पाहिलेली नाही. बाया या अंगणात येत नाहीत, आणि शेजारच्या गावात त्यांच्या बैठकांत ‘आडवी बाटली’चा विषय निघतो तो त्या अकारण काढत नाहीत. दुकान बंद करायचे की नाही यासाठी महिलांचे मतदान होते तेव्हा उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात आणि आडवीला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडली तर दुकान जाते. महिन्याच्या पगारातून एक माइल्ड पिऊन पायी घरी जाणाऱ्या माझ्यासारख्याला या जागेचे कौतुक करणे सोपे आहे. कापसाचे सगळे पैसे घरी पोचण्याआधी ज्याचे इथे थांबणे होते, त्याच्या घरी हा लेख वाचून दाखवण्याची माझी हिंमत नाही. मतदान झालेच तर निदान भट्टी वाचावी, एवढे मी मनात धरून आहे.

श्रावणात गर्दी ओसरते, मामा आपल्या गावी जाऊन येतात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पोरे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल मिरवत असताना त्यांचे बाप दुपारपासूनच भट्टीभोवती घुटमळू लागतात. त्या दिवशी मामांनाही घाई करावी लागते आणि त्या दिवशीची कोंबडी मी खात नाही.

उठताना पैसे कोणी द्यायचे यावरून जी ओढाताण होते ती महाराष्ट्रात सगळीकडे सारखीच असावी. आमच्याकडे तिला एक पुरवणी आहे. बिअर रोखीची, मालकाला ती रोखीने घ्यावी लागते, त्यामुळे ओळख कितीही जुनी असो, बाटलीची उधारी नाही. भट्टीचा हिशेब मात्र मामांच्या वहीत स्वतंत्र चालतो. जून ते दसरा या काळात ती वही चांगलीच फुगते, कारण पेरणी, खत आणि फवारणी यांनी खिसे रिकामे केलेले असतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्याने बिअर न घेता दोन टंगड्या खाल्ल्या, हात धुतले आणि नाव लिहून घ्यायला सांगितले. मामांनी कानामागची पेन्सिल काढली, लिहिले आणि विचारले, ‘‘कापूस घरी ठेवतं का यंदा, का निंगाल्याबरोबर इकतं?’’

‘‘भाव पाहून इकीन, मामा. घाई करून नाई चालत.’’

‘‘मंग वहीत दुसरं पान धरतो,’’ मामा म्हणाले.