आमची वाटचाल : खारघरमधलं एक पोळी-भाजी केंद्र

नवी मुंबईतल्या खारघरला नव्याने राहायला आलेली माणसं आमच्या गाळ्यावर आली की पोळ्या बांधून होईपर्यंत एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, इथे खायला चांगलं कुठे मिळतं?" खाणं विकणाऱ्यालाच हे विचारायचं म्हणजे गंमतच. पण आम्ही दोघी मनापासून सांगतो, अगदी दुसऱ्याच्या दुकानाचा रस्ताही दाखवतो. दोघी म्हणजे मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना मी ताई म्हणते. २००९ मध्ये घरच्या ओट्यावर चार डब्यांनी सुरुवात झाली, आज शिल्प चौकाच्या बाजूला एक गाळा आहे, लाटायला-शिजवायला सात बायका आहेत आणि डबे पोचवायला दोन मुलं.

सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ; त्याची वसाहत कशी वसते ते आम्ही आमच्या गॅलरीतून बघितलं. आधी रस्ते, मग दिव्याचे खांब, मग इमारती आणि माणसं सगळ्यात शेवटी. खाणं मात्र माणसांच्या आधी येतं. पाया खणायला घेतला की शेजारी पत्र्याची टपरी उभी राहते: चहा, वडापाव, दुपारी डाळ-भात. ती बांधकामावरच्या मजुरांसाठी. फ्लॅट दाखवणारे एजंट आले की त्यांना गिऱ्हाइकासोबत बसायला उडपी लागतो. भाड्याने राहणारी पोरं आली की चायनीजची गाडी आणि अंडाभुर्जी. कुटुंबं येतात तेव्हा घराघरात गॅस असतो, पण नोकरी वाशीला, नाहीतर थेट फोर्टात. हार्बर लोकलने तासाभराहून जास्त वेळ उभं राहून आलेल्या बाईला रोज हॉटेल नको असतं. भाजी ती फोडणीला टाकेल, कुकर लावेल, पण पोळ्या लाटायचं त्राण उरलेलं नसतं. आमचा धंदा नेमका तिथे उभा आहे.

सुरुवात मात्र डब्यांची होती. इथे इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, फॅशन शिकवणारी निफ्ट आहे, त्यामुळे बाहेरगावची मुलं भरपूर. विदर्भातली मुलं म्हणायची भाजीत तिखट नाही, कोकणातली म्हणायची खोबरं नाही आणि गुजरातकडच्या एका मुलीला वरणात गूळ हवा असायचा. ताई वैतागून म्हणायच्या, "सगळ्यांच्या आया एका पातेल्यात कुठून आणू?" मग त्यांनीच तोडगा काढला. भाजी मध्यम तिखट, आणि डब्यासोबत एका छोट्या डबीत ठेचा. ज्याला हवा त्याने घ्यावा. तो ठेचा आता सुटा विकला जातो, आणि खरं सांगायचं तर त्यात भाजीपेक्षा जास्त पैसे सुटतात.

घरच्या स्वयंपाकघरात सोसायटीने फार दिवस चालू दिलं नसतं. मसाल्याच्या वासाची तक्रार, लिफ्टमध्ये डब्यांच्या पिशव्या. गाळा घेतला तो साडेबारा टक्के योजनेतल्या इमारतीत. नवी मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: सिडकोने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या गावकऱ्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत दिले. खारघर, कोपरा, बेलपाडा, मुर्बी, पेठपाडा, ओवे ही मूळ गावं सेक्टरांच्या मधेमधे आजही आहेत. आमचे गाळामालक अशाच आगरी घरातले. अनामत एकरकमी जमत नव्हती, ती त्यांनी तीन हप्त्यांत घेतली. त्यांच्या आजी रोज दुपारी गाळ्यासमोर खुर्ची टाकून बसायच्या. आम्ही शाकाहारी स्वयंपाक करतो याचं त्यांना भारी आश्चर्य. "काय गो पोरींनो, म्हावरा नाय ठेवत?"

म्हणून मासळीबद्दल विचारलंत तर आम्ही सरळ गावाकडे पाठवतो. झगमगीत सी-फूडच्या पाट्या हायवेच्या कडेला पुष्कळ आहेत, पण मला विचाराल तर गावठाणातल्या घरगुती खानावळी बघा. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, खाडीचे निवटे, नशीब असेल तर जिताडा. जिताडा रायगडात पाहुण्यांसाठी राखून ठेवायचा मासा, रोज मिळत नाही, आणि रोज मिळतो म्हणणाऱ्याकडे मी जाणार नाही. चिंबोऱ्या अमावास्येच्या आसपास घ्याव्यात, तेव्हा त्या भरलेल्या असतात, असं आजींचं म्हणणं. हिवाळ्यात कुणी पोपटीला बोलावलं तर सोडू नका. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वरून पाला आणि भोवती जाळ. ती विकत घेऊन खाण्यापेक्षा कुणाच्या तरी शेतावर बसून खायची.

आता पोळीबद्दल. बाहेरून वाटतं त्यात काय एवढं. आम्ही फुलके करत नाही, घडीची पोळी करतो, आणि त्यावर ताई अडून आहेत. पोळी मऊ राहायची तर सगळं कणकेवर आहे. लोकवन गहू आम्ही स्वतः निवडून दळून आणतो. कणीक सैलसर भिजवायची, अर्धा तास तरी झाकून ठेवायची, घडी घालताना तेलाचं बोट कडेपर्यंत फिरवायचं. किलोभर पिठाच्या साधारण चाळीस पोळ्या होतात. अठ्ठेचाळीस काढणारेही आहेत, पण ती पोळी रात्री नऊला पापड होते. भाजलेली पोळी लगेच डब्यात रचली की वाफ धरून चिकट होते, म्हणून आधी बांबूच्या टोपलीत कापडावर. संध्याकाळी साडेसहा ते नऊ ही आमची खरी वेळ, तेव्हा तिन्ही तव्यांवर हात थांबत नाही. २०११ मध्ये पोळी चार रुपयांना होती, आज दहा. भाव वाढवला की दोन दिवस कुरकुर होते, तिसऱ्या दिवशी तीच माणसं रांगेत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. गुमास्ता, अन्नपरवाना, १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर, हे सगळं पहिल्या दिवसापासून रीतसर ठेवलं. अन्नपरवाना म्हणजे आधी शंभर रुपये वर्षाची साधी नोंदणी होती, उलाढाल बारा लाखांच्या वर गेल्यावर राज्याचा परवाना काढावा लागला. २०१६ च्या ऑक्टोबरात पनवेल महानगरपालिका झाली आणि खारघर तिच्यात गेलं, मग कचरा कुणाचा आणि पाणी कुणाचं याचे खेटे. त्यावर जास्त लिहीत नाही, जेवण बेचव होईल.

ज्या कामाचा आम्हाला सगळ्यात जास्त अभिमान आहे ते गाळ्यावर दिसत नाही. सेक्टर २२ मध्ये टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोगाचं रुग्णालय आणि संशोधन केंद्र आहे. देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. बिहार, बंगाल, आसाममधली कुटुंबं खोली भाड्याने घेऊन महिनोन्‌महिने राहतात. एक गृहस्थ संध्याकाळी येऊन विचारायचे, "बहनजी, बिना मिर्च का कुछ है?" त्यांच्या मुलाला केमो चालू होती. तोंडात छाले, तिखटाचा कण सहन होत नव्हता. ताईंनी दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळा कुकर लावला, आणि तो कुकर तेव्हापासून उतरलेला नाही.

या डब्याचे नियम वेगळे. पांढऱ्या पेशी उतरल्या की रुग्णाला कच्चं काही चालत नाही. म्हणून कोशिंबीर नाही, चटणी नाही, वरून कोथिंबीर भुरभुरायची नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही. कोथिंबीर घालायचीच तर शिजताना. डबा उकळत्या पाण्यातून काढून कोरडा करायचा, कुकर उघडला की गरम गरम भरून झाकण लावायचं, तासाभरात खाऊन टाका म्हणून सांगायचं, उरलेलं रात्री खायचं नाही. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, लाल भोपळा, पनीर. काय चालेल ते तिथले डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात, आमचं काम त्यांचा कागद वाचून तसं करणं. या डब्यावर नफा जवळजवळ नाही. बंगालमधून आलेल्या एका मावशींनी मुलीसाठी आमच्याच ओट्यावर उभं राहून पाच मसाल्यांच्या फोडणीची मसूर डाळ करून दाखवली. जिरं, मेथी, मोहरी, बडीशेप, कलौंजी. त्यांची मुलगी बरी होऊन घरी गेली. डाळ आमच्याकडे राहिली, दर बुधवारी असते, आणि सातारा-सांगलीकडची गिऱ्हाइकंही पाव किलो घेऊन जातात.

प्यायचं कुठे, हाही प्रश्न असतो, विशेषतः बंगलोर-पुण्याहून बदली होऊन आलेल्या तरुण मुलांचा. त्यांना पहिला धक्का इथे बसतो. खारघरमध्ये बार आणि दारूच्या दुकानांना रहिवाशांचा विरोध जुना आणि चिवट आहे, कुणाला परवाना मिळाल्याची कुणकुण लागली तरी लोक रस्त्यावर येतात. ज्यांना बसायचं ते बेलापूरला किंवा पनवेलला जातात. मी यात कुणाला उपदेश करत नाही, पण धंद्याच्या नजरेने बघा. दारूच्या बिलावर स्वयंपाकघर पोसायची सोय इथल्या हॉटेलांना नाही. जो टिकतो तो जेवणावर आणि चहावर टिकतो. आणि आमच्या बायका रात्री दहाला गाळा धुऊन बिनघोर चालत घरी जातात, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग प्यायचं काय? पहाटे सेंट्रल पार्ककडे फिरायला गेलात तर कारलं, दुधी, गव्हांकुरांचे हिरवे रस घेऊन गाड्या उभ्या असतात. आरोग्यासाठी उत्तम असतील, मी दुधीच्या पुढे गेले नाही. उन्हाळ्यात घुंगराच्या आवाजाची रसवंती. टेकडीवरून उतरणाऱ्यांनी चहा खालच्या टपरीवरच प्यावा, आलं ठेचून घालतात. आमच्याकडे ताक आणि सोलकढी असते. सोलकढी नारळाच्या ताज्या दुधाची, त्यामुळे दुपारी तीनला संपली की संपली.

पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी पांडवकडा बघायला म्हणून पोरं येतात. बुडून मृत्यू झालेत तिथे, त्यामुळे धबधब्याकडे जायला बंदी असते, पोलीस परत पाठवतात आणि मग ती ओलीचिंब टोळकी भजी शोधत गावभर फिरतात. त्यांनी भजीवाल्याकडे जावं, आमच्याकडे येऊन "गरमागरम काय आहे?" विचारलं तर उत्तर गवार असं असतं.

पावसाळ्याचं खरं खाणं रस्त्याच्या कडेला बसतं. डोंगरावरच्या आदिवासी वाड्यांमधल्या बायका रानभाज्या घेऊन उतरतात: टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोली आणि पहिल्या पावसाबरोबर शेवळं. शेवळं घेताना त्याच बाईकडून काकडं मागून घ्या, ती छोटी आंबट फळं. त्याशिवाय भाजी केली तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढणार नाही. आम्ही शेवळं जूनमध्ये मोजकेच दिवस करतो, वालाची डाळ घालून. त्या दिवशी फळ्यावर लिहायच्या आतच संपते.

टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, गाळ्याचं शटर अर्धं खाली आणि डबे दुप्पट अशी अवस्था होती. घराघरात आजारी माणसं, दारात डबा ठेवून बेल वाजवून मागे सरकायचं. त्याच सुमारास मोबाइलवरून घरपोच खाणं देणाऱ्या एका कंपनीशी जोडून घेतलं. शंभराच्या भाजीतले पंचवीसच्या आसपास तिचे, वर सवलतीचा भार आमच्याच डोक्यावर. दहा रुपयांच्या पोळीला हे गणित झेपत नाही. हॉटेलवाल्याला झेपत असेल, त्याची भाजी तीनशेची असते. आम्ही बाहेर पडलो आणि आपली दोन मुलं, एक स्कूटर, दोन किलोमीटरची हद्द यावर आलो. प्लॅस्टिकबंदी २०१८ मध्ये आली तेव्हापासून गिऱ्हाईक स्वतःचा डबा घेऊन आलं तर पाच रुपये कमी घेतो. निम्मी माणसं आणतात.

मेट्रो सुरू होणार, सुरू होणार असं ऐकून कान किटले होते. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर गाडी खरंच धावली. तेव्हापासून तळोज्याकडची माणसंही मधे उतरून पोळ्या घेऊन पुढे जातात. तिकडे आज तीच अवस्था आहे जी इथे पंधरा वर्षांपूर्वी होती: टॉवर उभे आणि खाली पत्र्याच्या टपऱ्या. जानेवारी २०२५ मध्ये इस्कॉनचं मोठं मंदिर उघडलं आणि रविवारी कांदा-लसूण नसलेली भाजी मागणारे वाढले. एक पातेलं त्यांचं. बाकी केरळी पुट्टू, लिट्टी-चोखा, मोमो, खानदेशी शेवभाजी हे सगळं उत्सव चौकाच्या आसपास चालत फिरत मिळतं. हिवाळ्यात जळगावकडची हिरवी वांगी आली की भरीत आमच्याकडेच खा, यात मी माघार घेणार नाही.

पेठपाड्याच्या बाजूला दुसरा गाळा बघून ठेवला आहे. ताईंचं म्हणणं, आधी तिथे चौथा तवा सांभाळणारी बाई मिळू दे, मग बोलू. मिळाली नाही अजून. गणपतीच्या उकडीच्या मोदकांची नोंदणी मात्र याही वर्षी आठ दिवस आधी बंद होईल, आणि एकवीसच्या खाली घेत नाही. सोमवारी गाळा बंद असतो, रुग्णांचे डबे सोडून.