खळ्यातला मोबाईल आणि बटणाचा होव्हर

आंब्याची काढणी आणि हाताळणी या विषयावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी रत्नागिरीत बसून तयार केला. त्यातील चित्रांवर कर्सर नुसता नेला, म्हणजेच होव्हर केला, की बटण गडद हिरवे होई आणि शेजारी माहितीची चौकट उघडे: फळ देठासह का काढावे, झेला (फळ काढण्याची जाळीची काठी) कसा धरावा, अढी (पिकण्यासाठी गवतात रचलेले आंबे) कशी लावावी. माझ्या मोठ्या स्क्रीनवर हे सारे फार देखणे दिसत होते.

चाचणीसाठी तो अभ्यासक्रम शेजारच्या वाडीतील बचत गटाच्या एका काकूंना दिला. खळ्यात बसून त्यांनी तो मोबाईलवर उघडला आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की माहितीच्या चौकटी त्यांना दिसल्याच नाहीत. बोट टेकवण्याआधी स्क्रीनवर नुसते फिरत नसते, त्यामुळे होव्हरमध्ये ठेवलेला धडा मोबाईलवर शिकणाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. दुसरी अडचण अधिक फसवी होती. साका म्हणजे आंब्याच्या गरातला दोष; त्याविषयीच्या प्रश्नात त्यांनी एक पर्याय दाबला, मग विचार बदलून तोच पुन्हा दाबला. निवड रद्द झाली, निवड दाखवणारी बारीक खूणही गेली, पण बटण गडदच राहिले. ‘पुढे’ हे बटण बंद होते. ‘‘दाबलेलं तर दिसतंय, मग पुढे का जात नाही?’’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

कारण असे की टचस्क्रीनवर टॅप केल्यावर बहुतेक ब्राउझर त्या बटणाला होव्हरची अवस्था देतात आणि दुसरीकडे कुठेतरी टॅप होईपर्यंत ती तशीच चिकटून राहते. माझ्या आराखड्यात होव्हरचा रंग निवडलेल्या पर्यायाच्या खुणेपेक्षा ठळक होता, आणि ही चूक सर्वस्वी माझी होती. स्टोरीलाइनसारख्या ऑनलाइन अभ्यासक्रम बनवण्याच्या साधनात साधी, होव्हर, दाबलेली, निवडलेली, पाहिलेली आणि बंद अशा अवस्था वेगवेगळ्या करता येतात. त्यांचा दृश्य क्रम लावताना निवडलेली अवस्था सर्वांत ठळक आणि होव्हर सर्वांत सौम्य हवी, असे माझे आता ठाम मत आहे. हाताने कोड लिहिणाऱ्यांनी सीएसएसच्या (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) मीडिया क्वेरीतून, म्हणजे उपकरणाची क्षमता तपासणाऱ्या अटीतून, उपकरणाला खरोखर होव्हर करता येतो का हे विचारावे आणि उत्तर होकारार्थी असेल तरच होव्हरचे नियम लावावेत.

प्रश्नमंजूषेत रंगाचा आणखी एक धोका असतो, जो दुकानाच्या किंवा बातम्यांच्या संकेतस्थळावर सहसा जाणवत नाही. अभ्यासक्रमात हिरवा म्हणजे बरोबर आणि लाल म्हणजे चूक हे शिकणाऱ्याच्या मनात पक्के बसलेले असते, त्यामुळे नुसता कर्सर नेल्यावर पर्याय हिरवा झाला तर तो उत्तराचा इशारा वाटतो. मी आता पर्यायांच्या होव्हरला फक्त थोडी जाड कडा आणि किंचित गडद पार्श्वभूमी देते.

हालचालीबाबतही एक बारकावा सांगण्याजोगा आहे. कर्सर आल्यावर बटण वर उचलले जाण्याचा परिणाम सर्वांना आवडतो, पण कर्सर बटणाच्या अगदी खालच्या कडेवर असेल तर बटण वर सरकताच त्याच्याखालून निसटते, होव्हर संपतो, बटण खाली येते आणि पुन्हा वर जाते. म्हणजे ते थरथरत राहते. उपाय सोपा आहे: बाहेरचा भाग स्थिर ठेवावा, होव्हर त्यालाच लावावा आणि आतला भाग हलवावा. बदलाला १५० ते २०० मिलिसेकंद पुरतात. ज्यांनी आपल्या उपकरणात हालचाल कमी ठेवण्याचा पर्याय निवडला आहे, त्यांच्यासाठी ती सरकण मी बंदच ठेवते.

कीबोर्डने अभ्यासक्रम करणाऱ्यांना होव्हर मिळत नाही, म्हणून फोकसची, म्हणजे कीबोर्डने सध्या कोणत्या बटणावर आहोत हे दाखवणारी, स्पष्ट कडा वेगळी द्यावी लागते. संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या २०१८ सालच्या डब्ल्यूसीएजी २.१ या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बटण आणि त्याची अवस्था ओळखण्यासाठी लागणाऱ्या खुणेचा शेजारच्या रंगाशी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा. खळ्यातल्या उन्हात हा आकडा मला किमानच वाटतो. होव्हरने उघडणारी चौकट कर्सर न हलवता बंद करता यावी, कर्सर तिच्यावर नेला तरी ती मिटू नये आणि वाचून होण्याआधी आपोआप नाहीशी होऊ नये, हेही त्याच तत्त्वांत आहे.

साक्याचा धडा मी पुन्हा बांधला. साका झालेला हापूस बाहेरून निर्दोष दिसतो आणि आतला गर पांढरट, स्पंजासारखा असतो, म्हणून आता फळाच्या चित्राखाली ‘चिरून पाहा’ असे मोठे बटण आहे आणि ते दाबल्यावर चिरलेली फोड स्क्रीनवर तशीच राहते. काकूंनी ते दाबले, फोडीचे चित्र दोन बोटांनी मोठे केले आणि पांढऱ्या भागावर बोट ठेवून सुनेला जवळ बोलावले.