फ्रेडी ग्रीन आणि घुमकंवाला

फ्रेडी ग्रीन नावाचा एक गिटारवाला १९३७ साली काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये लागला आणि १९८७ मध्ये वारला तोवर तिथंच होता. खुद्द बेसी १९८४ मध्ये गेला, तरी हा आपला खुर्चीवर. एवढ्या वर्षांत त्यानं एकट्यानं वाजवून टाळ्या घेतल्याचे प्रसंग शोधावे लागतात. बाकी सगळा वेळ चार मात्रा, पुन्हा चार मात्रा, पुन्हा चार. तेही अॅम्प्लिफायर न लावता. आजूबाजूला ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनचा ताफा. त्यातून ही लाकडी गिटार वेगळी काढून ऐकू म्हटलं तर हाती लागत नाही. पण अख्खा बँड ज्या चारावर डुलतो तो चार त्याचाच.

कोल्हापुरात हा माणूस समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. हलगी, तिच्यामागं ठेका धरणारं घुमकं आणि झांजेसारखं कैताळ म्हटलं की झालं. मिरवणूक असो नाहीतर कुस्तीचं मैदान, सगळ्यांचे डोळे हलगीवाल्यावर. तो कडेला पेपरचा कागद पेटवतो, हलगी शेकतो, कातडं ताणलं का बघायला नुसती एक टिचकी मारतो, आणि तेवढ्यावरच माणसं सरसावून बसतात. कुस्ती लागली की त्याची नजर पैलवानांच्या पायांवर. खडाखडी चाललीय तोवर लय दबकी, कुणी पट काढला रे काढला की कडकडाट. यातलं काहीही घरून ठरवून आणलेलं नसतं. बक्षिसाच्या नोटाही त्यालाच. घुमकंवाला मात्र मागं उभा, गालात तंबाखू, नजर कुठंतरी लांब, तास तास एकच बोल. त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. त्यानं हात आखडला तर हलगी पोरकी होते, हे फक्त हलगीवाल्याला ठाऊक असतं.

जॅझ मला समोर बसून ऐकायला आवडतं ते या मागच्या मंडळींसाठी. पुढच्याचं सगळं रेकॉर्डवर मिळतंच.

मध्यंतरी ताराबाई पार्कातल्या एका छोट्या हॉलमध्ये चौघांचा कार्यक्रम झाला. सॅक्सोफोन, पियानोच्या जागी कीबोर्ड, ड्रम आणि डबल बेस. हा डबल बेस म्हणजे खर्जातलं तारवाद्य, माणसापेक्षा उंच. वडापच्या जीपमध्ये मावायचा नाही, म्हणून त्याला ओम्नीत मागची सीट काढून आडवा घालून आणला होता. काळ्या कव्हरात पांघरून घेतलेल्या पेशंटसारखा दिसत होता. वाजवणारा गोव्याचा, तिशीतला पोरगा. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी.

माझ्या शेजारी आमच्या पेठेतले अण्णा. आयुष्यभर तबल्याच्या साथीला बसलेले, देवल क्लबापासून गल्लीतल्या भजनापर्यंत. पत्रिकेवर त्यांचं नाव कायम तळाला, हार्मोनियमच्या वर की खाली एवढाच काय तो फरक. तसं ते जुनंच आहे म्हणा. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते हे इथं कुणीही सांगेल, पण त्यांच्या मागं तबल्यावर कोण बसायचं असं विचारलं की भलेभले आढ्याकडं बघतात. न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डनचंही एकही ध्वनिमुद्रण हाती नाही; जॅझच्या आरंभीचा हा नामांकित कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचाच छोटा भाऊ) आज कुणालाच ऐकता येत नाही. पण त्याच्या बँडचा एक जुना फोटो आहे. त्यात डबल बेस धरून उभा असलेल्या माणसाचं नाव जिमी जॉन्सन, इतकं तरी नोंदलेलं आहे.

पहिली चीज ब्लूजची होती. ब्लूजचं एक आवर्तन साधारण बारा बारचं, प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रांनी फेरी पुरी. अण्णांना एवढंच सांगितलं. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजायला घेतलं. एकदा सुटलं, परत धरलं, आणि मग नेमकी पहिल्या मात्रेवर मांडीवर थाप पडली. "आली!" असं ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की ड्रमवाला वाजवता वाजवता हसला. त्यानंतर ते माझ्याशी बोलायचेच बंद झाले.

पुढं एका गाण्यात सॅक्सोफोनवाला चार बार वाजवून थांबायचा आणि पुढचे चार ड्रमवाल्याचे. अण्णा पुटपुटले, "सवाल-जवाबच की. पण आता ठेका कुणी धरलाय रे?" कुणीच नाही. ड्रमवाल्याच्या पाळीत बाकीचे तिघं हात खाली सोडून उभे, मोजणी ज्याच्या त्याच्या डोक्यात. त्या वेळी मी बेसवाल्याकडं बघत होतो. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, डाव्या पायाची टाच जमिनीवर अगदी हलकी. ड्रमवाल्यानं मुद्दाम आडवंतिडवं वाजवून सगळ्यांना चकवायचा घाट घातला, तर याच्या गालावर खळी. आणि बरोबर जागेवर त्यानं तार खेचली, तेव्हा उरलेले दोघंही तिथंच पोचले होते. टाळ्या ड्रमवाल्याला मिळाल्या. मिळायलाच हव्या होत्या.

एवढ्यात मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला आणि "हां, बोला पाटील" असं सुरू झालं. याला उपाय नाही. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१ च्या रविवारी पियानोवाल्या बिल इव्हान्सच्या त्रयीनं जे वाजवलं, त्या रेकॉर्डवरही ग्लासांची किणकिण आणि लोकांच्या गप्पा आहेत. बेसवर स्कॉट लाफारो होता. नुसता ठेका धरून न राहता पियानोच्या बरोबरीनं बोलणारा. त्यानंतर अकराच दिवसांनी तो मोटारीच्या अपघातात गेला, वय २५. त्या टेबलावर गप्पा हाणणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

गोव्याच्या वादकांचं तर वेगळंच. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही माणसं मुंबईत हॉटेलांतून जॅझ वाजवायची आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातही बसायची. चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचा. १९५१ च्या 'अलबेला'साठी सी. रामचंद्रांबरोबर तो होता. आपल्याकडं वरातीत बँडवाले त्यातली गाणी लावतात आणि नवरदेवाचे मामा नाचतात, तेव्हा थोडं जॅझही पेठेतून जात असतं. आणि अँथनी गोन्साल्विस? माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवाला लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालचा गुरू. शिष्यानं १९७७ मध्ये त्याचं नाव गाण्यात घातलं, ते देशभर प्रत्येकाच्या तोंडी झालं, आणि बहुतेकांना वाटलं हे नाव पिक्चरवाल्यांनी बनवलंय!

जॅझवाल्यांची एक रीत मात्र आपल्याकडच्या सूत्रसंचालकांनी उचलावी. कार्यक्रमात मुख्य वादक एकेकाचं नाव घेतो, बऱ्याचदा दोन-दोन वेळा, तेही मागं वाजणं चालू असताना. आमच्या आभारप्रदर्शनात मंडपवाला येतो, साउंडवाला येतो, हॉल देणारे तर आधी येतात. साथीदार "आणि इतर सर्व"मध्ये. त्या संध्याकाळीही आयोजकांनी चौघांना फेटे बांधले आणि बेसवाल्याचं आडनाव ड्रमवाल्याला लावलं.

फोटोची गर्दी सॅक्सोफोनभोवती जमली तेव्हा अण्णा सरळ बेसकडं गेले. बेसवाला कव्हरची चेन ओढत होता, फेटा एका कानावर आलेला.

"मोजता कसं हो?" अण्णांनी विचारलं. "आमच्याकडं हातात बोल तरी असतात."

"गाण्याचे शब्द मनात म्हणतो," तो म्हणाला. "शब्द संपले की फेरी संपली."

अण्णांनी मान डोलावली. मग एका तारेवर बोट ठेवून म्हणाले, "ही कुठं मिळते? केवढ्याला?"

"बाहेरून मागवतो. चार तारांचा सेट १५-२० हजारांपर्यंत जातो."

"वीस हजार!" अण्णांनी माझ्याकडं बघितलं. परत येताना दसरा चौकापर्यंत त्यांचा हिशेब चालू होता, तेवढ्यात तबल्याच्या किती पुड्या होतील, मढवायची मजुरी धरून की सोडून.