चोवीसच्या रात्री मी वसईला का जात नाही

“इतकी जीव लावणारी माणसं, मग तू चोवीसच्या रात्री का जात नाहीस?” मिरजेची मावशी विचारते, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, आता नवऱ्याच्या चुलत बहिणीही विचारायला लागल्या आहेत. नाताळच्या आदल्या रात्री सगळं सासर एकत्र असतं आणि मी पंचवीसला दुपारी जेवायला पोचते. दर वर्षी काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेत होते. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी खरं ते सांगते.

आधी धर्माचं, कारण सगळ्यांना उत्तर तिथेच हवं असतं. मला कुणीही धर्म बदलायला सांगितलं नाही. लग्न चर्चमध्ये झालं, बिशपांची परवानगी काढून, आणि मी हिंदूच राहिले. मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी प्रयत्न करण्याचं वचन नवऱ्याला द्यावं लागलं, ते मला माहीत होतं, आणि त्याचं काय करायचं ते आम्ही दोघं बघू. पहिल्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, सगळा बाक कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला पुढे गेला आणि मी एकटी बसून राहिले, त्याचंही मला काही वाटलं नाही. बाप्तिस्मा न झालेल्यांनी ती घ्यायची नाही, हा नियम मला आधीच सांगितला होता. इंद्यालच्या पातेल्यात डुकराचं मटण आहे हेही सांगितलं होतं, आणि माझ्यासाठी वालाची भाजी वेगळी ठेवली होती. मावशीच्या लेखी वसई म्हणजे १७३९ आणि चिमाजी अप्पा. किल्ला घेतल्यावर पोर्तुगीज गेले; इथली ख्रिस्ती माणसं मात्र इथेच राहिली, शेती-वाडी करत, आणि आज ती प्रार्थना मराठीत म्हणतात. मला तिथे परदेशात आल्यासारखं कधीच वाटलं नाही. त्यामुळे धर्म बाजूला ठेवा.

अडचण जवळिकीची आहे. तीन भावांची तीन घरं एकाच वाडीत, मधे कुंपण नाही. केक एकीच्या ओव्हनमध्ये भाजला जातो, करंज्या दुसरीच्या घरी तळल्या जातात. कुणाचा पगार किती, कुणाचं पोट बिघडलंय, कुणाच्या मुलाला गणितात किती मार्क पडले, सगळं सगळ्यांना माहीत. मी ज्या घरातून आले तिथे आई आणि मी अशा दोघीच होतो, आणि तिसऱ्याबद्दल बोलायचं नाही हे दोघींमध्ये न बोलताच ठरलं होतं.

तो तिसरा म्हणजे माझा भाऊ. तो दारू प्यायचा, आईशी भांडून घर सोडून गेला होता. शेजाऱ्यांना आई सांगायची, नोकरीसाठी बंगळूरला आहे. हे मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं, आणि त्याच्याशी लग्न करायचं माझ्या मनात होतं.

तेव्हा लग्न ठरलेलं नव्हतं. “नाताळला ये, सगळे भेटतील,” एवढंच तो म्हणाला होता. दिवसभर मला फार छान वाटलं. मी खोलीत आले की सगळे कादोडी, म्हणजे त्यांची घरची बोली, सोडून माझ्यासारखं मराठी बोलायला लागायचे, मी उठले की परत कादोडी. काकींनी मला करंजीला मुरड घालायला बसवलं. संध्याकाळी, मिस्साला निघायच्या आधी, थोरल्या काकांच्या घरी अल्तारासमोर सगळे जमले. पंचवीसेक माणसं असतील, लहान मुलं पुढे चटईवर. जपमाळ झाली. मग एकेकाने हेतू मांडायला सुरुवात केली. आखातातल्या मुलाच्या नोकरीसाठी, वारलेल्या आजोबांसाठी, काकींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. प्रत्येक हेतूनंतर सगळे म्हणायचे, “हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” मीही म्हणत होते.

मग त्याच्या मम्मी म्हणाल्या, “आज आपल्याकडे आलेल्या या लेकीच्या भावासाठी. त्याची दारू सुटू दे, तो आईकडे परत येऊ दे.”

आणि सगळे एका सुरात म्हणाले, “हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.” चटईवरची मुलंसुद्धा. एक मुलगी मागे वळून माझ्याकडे बघायला लागली, तिच्या आईने तिचं डोकं हलकेच पुढे फिरवलं. त्यानंतर आणखी दोन-तीन हेतू झाले असावेत. ते मला ऐकू आले नाहीत. मी उठून पडवीत गेले आणि रडले.

तो मागोमाग आला. मी म्हटलं, “तुला एकट्याला सांगितलं होतं.” तो म्हणाला, “मी कुणाला सांगितलं? मम्मीला सांगितलं.” तो बचाव करत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मम्मीला सांगितलं म्हणजे कुणाला तरी सांगितलं, हे त्याच्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं. मम्मींनी काकींना सांगितलं तेव्हा त्यांच्याही मनात आलं नसणार.

त्या वेळच्या ‘मी’चं म्हणणं सरळ होतं: हा विश्वासघात आहे, उद्या सकाळची विरार लोकल पकडायची. तिच्याशी मी अजून भांडते. मी तिला सांगते, भाऊ परत यावा असं आपल्या घरात कुणी मोठ्याने कधी म्हटलं होतं का? आई मनातल्या मनात झुरत होती, तू रागात होतीस. ओळख ना देख अशा माणसांनी ते तुझ्यासमोर मागितलं. तुझ्या रडण्यात ते नव्हतं? होतं, ती म्हणते. पण ते मागायचं की नाही, कुणासमोर मागायचं, हे ठरवायचा हक्क माझा आणि भावाचा होता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वाडीत आजही ती गोष्ट अशी सांगतात की आमच्या प्रार्थनेने पोरगी गहिवरली. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण ते अर्धंच खरं आहे, आणि तो अर्धा भाग ऐकत मला चोवीसच्या रात्री तिथे बसवत नाही.

लग्नानंतर मी मम्मींना सगळं बोलून दाखवलं. त्यांना फार लागलं. “मग आम्ही तुझ्यासाठी काही मागायचंच नाही का?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मागा, पण आधी मला विचारा. त्यांनी तेव्हापासून भावाचं नाव मोठ्याने घेतलेलं नाही. मनात घेत असतील. त्याला माझी हरकत नाही असं मी त्यांना सांगितलं आहे, आणि ते पूर्ण खरं नाही.

भाऊ आता आईला फोन करतो. पितो की नाही, ते मी लिहिणार नाही. हे सगळं लिहू का, असं मात्र त्याला विचारलं. दोन दिवसांनी त्याने “लिही” असा मेसेज पाठवला. आईलाही विचारलं, ती आधी गप्प बसली, मग म्हणाली की मावशीला काय सांगायचं ते तूच सांग. मावशी, बंगळूरची नोकरी कधीच नव्हती.

नवरा अजून म्हणतो की आईला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे. मी म्हणते, माझ्यासाठी ती बाहेरच होती, तेव्हा तरी. यावर आमचं एकमत झालेलं नाही. या वर्षी तो चोवीसला जाईल, मी पंचवीसला.