गाडी मागून बसली होती आणि सगळे शॉक बदलायला सांगत होते : माझा अनुभव

मागून बसलेली, म्हणजे मागच्या बाजूने खाली दबलेली गाडी शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) बदलून वर येत नाही. निदान फोक्सवॅगन बीटलच्या चासीवरची, म्हणजे खालच्या सांगाड्यावरची तरी नाहीच. हे सुरुवातीलाच कोणी ठामपणे सांगितलं असतं, तर शॉकचा खर्च वाचला असता आणि शॉकच्या वरच्या बैठकीला तडाही गेला नसता. अजून राग गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

गाडी दिसायला १९४९ ते १९५३ या काळातल्या एमजी टीडी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीसारखी आहे. लांब बॉनेट, बाजूला उतरत जाणारे मडगार्ड, मागे उभं लावलेलं स्टेपनीचं चाक. खाली मात्र फोक्सवॅगन बीटलची चासी, आणि इंजिन मागे. बीटलची बॉडी बोल्ट काढले की चासीपासून सुटी होते आणि चासी आपल्या चाकांवर उभी राहते, म्हणून जुन्या गाडीची नक्कल करणाऱ्या अशा फायबर बॉडीच्या किट (घरी जोडायचे संच) पुष्कळदा तिच्यावरच बसवल्या गेल्या. माझी चासी जुन्या स्विंग ॲक्सलची, म्हणजे जिच्यात मागचं प्रत्येक चाक आपल्या ॲक्सलसकट वरखाली झुलतं. तिच्यात गाडी मागून बसली की चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. माझे तसेच झिजले होते. दोन माणसं बसली की सायलेन्सर प्रत्येक गतिरोधकाला घासायचा.

गॅरेजमध्ये पहिल्या दिवसापासून एकच उत्तर मिळालं, "शॉक गेलेत." नवे शॉक बसवले, गाडी होती तिथेच. मग म्हणाले, स्प्रिंगवाले शॉक टाका, वर येईल. वर आली खरी, पण काही काळाने वळणावर मागून खट्ट असा आवाज यायला लागला. खाली शिरून पाहिलं तर शॉकची वरची बैठक जिथे चासीला जोडलेली असते, तिथे तडा होता. शॉकचं काम चाकाची उसळी आवरणं. ती बैठक तेवढ्याचसाठी बनवलेली. गाडीचा भार तिच्यावर टाकला की ती सोसत नाही.

साध्या तेलाच्या शॉकची खात्री कोणालाही घरच्या घरी करता येते. गाडी सपाट जागी चाकांवर उभी ठेवायची, मागच्या मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत उंची मोजायची, शॉकचा खालचा बोल्ट काढायचा आणि पुन्हा मोजायचं. माझ्या गाडीत स्प्रिंगवाले काढून साधे शॉक परत बसवल्यावर हे केलं, काहीही फरक पडला नाही. म्हणजे शॉक काहीच पेलत नव्हता. ही मापं लिहून मी गॅरेजमध्ये नेऊन दाखवली, तरी कागदाकडे न बघता "मग आणखी कडक शॉक लागतील" असं सांगण्यात आलं. त्यानंतर गाडी घरी आणली आणि काम स्वतः हातात घेतलं.

भार पेलतो तो टॉर्शन बार. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना. सीटच्या मागे चासीत एक आडवी जाड नळी असते, तिच्यात डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे स्प्रिंग स्टीलचे दांडे. दांड्याचं आतलं टोक नळीच्या मध्यात दात्यांनी अडकलेलं, बाहेरचं टोक एका पोलादी पट्टीत, जिला स्प्रिंग प्लेट म्हणतात. पट्टीचं दुसरं टोक चाकाच्या ॲक्सलला बोल्टने जोडलेलं. चाक वर गेलं की पट्टी वर जाते आणि दांडा ओला कपडा पिळावा तसा पिळला जातो. तो उलट फिरायला बघतो, त्या जोरावर गाडी उभी.

उंची बदलण्याची सगळी किल्ली दात्यांत आहे. आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दाता फिरवला की ९ अंश, बाहेर एक दाता फिरवला की ८.१८ अंश. फक्त बाहेरचा एक दाता सरकवला तरी चाकापाशी दोन इंचांच्या आसपास फरक पडतो, आणि तो फारच मोठा. पण आतला एक दाता एका दिशेला आणि बाहेरचा एक दाता उलट दिशेला फिरवला, तर उरतो ०.८२ अंश, म्हणजे चाकापाशी साधारण ६ मिमी. मला उजवीकडे साधारण ३५ मिमी उंची हवी होती. आत ६ दाते म्हणजे ५४ अंश, बाहेर उलटे ६ म्हणजे ४९.१ अंश, निव्वळ ४.९. डावी बाजू थोडी जास्त बसलेली, म्हणून तिथे ७ आणि ७. दिशा कुठली, हे घोकून ठेवायची गरज नाही. मोकळी लोंबणारी पट्टी पूर्वीपेक्षा खाली झुकली पाहिजे, मग गाडी वर येते. सोडवण्याआधी कोन मोजण्याच्या चकतीने पट्टीचा कोन चासीच्या संदर्भात लिहून ठेवा. हा कागद हरवला की सगळं अंदाजाने करावं लागतं.

हे आधी सांगायला हवं होतं : माझ्या गाडीचा पुढचा डावा कोपराही खाली दिसत होता, आणि पुढचे बारही गेले असं मला सांगण्यात आलं होतं. त्यावर विश्वास ठेवण्याआधी गाडीचं मागचं अंग मधोमध एकाच जॅकवर उचला. पुढच्या दोन्ही बाजू आपोआप सारख्या झाल्या, तर दोष मागचा आहे. माझ्या झाल्या, आणि पुढच्या बीमला (पुढचे बार ज्यात असतात त्या आडव्या भागाला) मी हातही लावला नाही.

उजवी बाजू सरळ निघाली. डावीने मात्र छळलं.

कव्हरचे चार बोल्ट निघाले, रबराचं बुश (दांड्याभोवतीचं गोल रबर) कडक होऊन तडकलेलं होतं, ते बाहेर आलं. शॉकचा बोल्ट काढला, ॲक्सलचे पट्टीतले तीन बोल्ट काढले, ॲक्सल मागे सरकवला. ब्रेकचा होज ताणला जाणार नाही हे बघून ॲक्सलखाली टेकू दिला. पट्टी तिच्या खालच्या टप्प्यावरून, म्हणजे तिला अडवून धरणाऱ्या चासीवरच्या कडेवरून सोडवली. आता पट्टी दांड्यावरून बाहेर ओढायची, एवढंच उरलं. ती हलेना. कित्येक वर्षांच्या गंजाने दांडा आणि पट्टी एकजीव झाली होती. पहारीने ओढलं तर पट्टीबरोबर दांडाच बाहेर सरकायला लागला आणि चार बोटांवर मडगार्डला जाऊन अडला. बीटलमध्ये अशा वेळी मडगार्डचे बोल्ट काढतात आणि दांडा सरळ ओढून घेतात. माझं मडगार्ड बॉडीला फायबरनेच जोडलेलं. किटबरोबर आलेल्या पुस्तिकेत बॉडी कशी बसवायची याची पानंच्या पानं आहेत, पण खालचा दांडा कधी काढावा लागला तर काय, याबद्दल एक ओळ नाही.

दांडा आणि पट्टी चिकटलेलीच ठेवून, फक्त आतले दाते सोडवून उंची बदलता येत नाही का? नाही. आतले दाते सुटले तरी पट्टी दांड्याला चिकटलेलीच, म्हणजे फक्त ९ अंशांच्या उड्या मारता येतात. त्यात एक बाजू फार उंच किंवा फार खाली राहणार. गाडी तिरकी उभी राहणार, आणि मग एवढं सगळं कशासाठी केलं?

ज्याला विचारावं तो म्हणे, गॅस मारा, लाल करा, सुटेल. हे मी केलं नाही आणि कोणी करू नये. हा दांडा स्प्रिंगचा आहे, त्याची ताकद त्याला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून-थंड करून आणलेल्या कडकपणात आहे. लाल झाला की पाणी उतरलं, आणि पुढे तो एक तर बसेल किंवा धावत्या गाडीत तुटेल. छिन्नी ठोकण्याचाही सल्ला मिळाला. दांड्यावर पडलेल्या ओरखड्यापासूनच तडा सुरू होतो, म्हणून त्याच्यावरचा रंगसुद्धा खरवडला तर पुन्हा लावायचा असतो. मडगार्ड कापा, हाही सल्ला आला. गंजलेल्या एका सांध्यासाठी धडधाकट बॉडी कापायची, हे मला पटलं नाही.

मग गंज सोडवणारं तेल आणि वाट पाहणं. तेल दात्यांवर दोन्ही अंगांनी सोडायचं, पट्टीच्या गोल भागावर चहूबाजूंनी हलके ठोके द्यायचे, रात्रभर ठेवायचं, सकाळी पुन्हा. जोराच्या दोन घावांपेक्षा हलके पुष्कळ ठोके बरे, कारण तेल आत शिरतं ते कंपनामुळे. रोज काळपट लाल पाणी बाहेर यायचं आणि पट्टी जागची हलायची नाही. या दिवसांत माझी सहनशक्ती संपत आली होती. आधी शॉकवर घालवलेले महिने आठवून जास्तच चिडचिड व्हायची.

शेवटी सुटलं ते ओढणं सोडून दिल्यावर. दांडा पट्टीतून बाहेर काढायला जागा नव्हती, पण आत ढकलायला होती. पट्टी आणि दांडा मडगार्डपर्यंत, म्हणजे चार बोटं, बाहेर ओढून घेतले. पट्टी आणि चासीच्या मधल्या त्या फटीत जाड पोलादी नळीचे उभे चिरलेले दोन अर्धे दोन्ही बाजूंनी घट्ट बसवले. आता पट्टी आत जाऊ शकत नव्हती, दांडा जाऊ शकत होता. मडगार्डच्या कडेखालून तिरका हात घालून दांड्याच्या टोकावर पितळेचा ठोकळा धरला आणि हातोडा मारला. पितळ का, तर दांड्याचं टोक चेपायला नको. थोड्याच घावांनी कर्र असा आवाज झाला आणि दांडा नखभर आत गेला. तो आवाज ऐकून मी खाली तसाच पडून राहिलो आणि मोठ्याने ओरडलो. पुढे तो हळूहळू पूर्ण सुटला, पट्टी खालच्या बाजूने काढून घेतली. दांडा नळीतून पूर्ण काढावा लागलाच नाही. आतले दाते सुटण्यापुरता ओढायचा, मोजून फिरवायचा, परत आत. दिसणाऱ्या भागावर खड्डे नव्हते. दात्यांना तारेचा ब्रश, भरपूर ग्रीस, नवे बुश.

जोडताना सगळ्यात धोक्याचं काम एकच. पट्टी जॅकने उचलून टप्प्यावर चढवावी लागते, तेव्हा तिच्यात प्रचंड जोर साठतो. फायबरची गाडी हलकी असल्याने पट्टी वर जाण्याऐवजी गाडीच स्टँडवरून उठायला लागते. म्हणून जॅक आणि चासी जाड साखळीने एकत्र बांधा, आणि पट्टीच्या समोर शरीराचा कुठलाही भाग ठेवू नका. कव्हरचे वरचे दोन बोल्ट लांब घेतले तर ते आधी पकडतात आणि काम सोपं होतं.

काही गोष्टी आत्ता आठवतात. डावा आणि उजवा बार सारखे दिसतात, पण ते वेगवेगळ्या दिशेने पिळून तयार केलेले असतात. टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं, अदलाबदल करू नका. ॲक्सलचे बोल्ट सोडण्याआधी पट्टी आणि ॲक्सलवर एक सलग खूण करा, कारण पट्टीतली भोकं लांबट असतात आणि मागच्या चाकांची टो, म्हणजे चाकं पुढच्या बाजूने किती आत किंवा बाहेर वळलेली असावीत ते, तिथेच ठरते. खूण जुळवली तरी नंतर अलाइनमेंट करून घ्या. जॅकवरून उतरवल्यावर लगेच उंची मोजू नका. स्विंग ॲक्सलची चाकं खालून आत गोळा झालेली असतात, गाडी थोडी पुढेमागे फिरवल्याशिवाय खरं माप येत नाही. नाहीतर उंची फार झाली असं वाटून सगळं पुन्हा सोडाल.

आता दोन माणसं बसवून दोन्ही बाजू सारख्या आहेत, चाकं जवळजवळ सरळ उभी आहेत आणि शॉक साधेच आहेत. तडा गेलेली बैठक वेल्ड करून घेतली. मागचं अंग वर आल्यावर हेडलाइटचा झोत खाली पडायला लागतो, तो रात्री गाडी काढण्याआधी पुन्हा लावून घ्या.