सायकलचं कुलूप घेताय? मग थांबा जरा

दुकानदार सायकलसोबत जी प्लास्टिकचं कव्हर असलेली केबल गळ्यात मारतो ना, तिच्या भरवशावर सायकल बाहेर सोडू नका, आत नुसत्या बारीक तारा असतात, कटर लावला की खेळ खलास. यू-लॉक घ्या, म्हणजे इंग्रजी U च्या आकाराच्या जाड दांडीचं कुलूप, हार्डन्ड (कडक केलेल्या) स्टीलचं, दांडी 13 एमएमच्या पुढची असेल तर उत्तमच, ग्राइंडरपुढे मात्र बहुतेक कुलपांचं काही चालत नाही. चावी चपटी बघा, गोल नळीवाली नको, 2004 मध्ये अमेरिकेत तसली महागडी कुलपं चक्क बॉलपेनच्या नळीने उघडली होती! आणि नुसतं पुढचं चाक कशाला बांधता राव, क्विक रिलीज (पान्याशिवाय, नुसती खटकी ओढून चाक सुटण्याची सोय) असेल तर चाक राहतं नि सायकल जाते. फ्रेम, मागचं चाक आणि पक्का खांब, तिन्ही एकातच अडकवा.